सही कुठल्या कागदावर करायची?

पत्र

आमची साठ प्लॉटांची जुनी बंगल्यांची वसाहत आहे. बहुतेक घरं तळमजला अधिक एक. चालत दहा मिनिटांवर रेल्वेचं नवं स्थानक झालंय आणि आता आमचा झोन बदलण्याचा प्रस्ताव आलाय. दोनऐवजी सहा मजले, आणि एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते माप) एकवरून अडीच. नोटीस आणि नकाशाची प्रत सोबत जोडली आहे. शेजारचे काका विरोधाच्या पत्रकावर सह्या गोळा करतायत. पाणी पुरणार नाही, गाड्या लावायला जागा नाही, झाडं जातील, ऊन अडेल आणि ‘कोण कुठली माणसं येतील’, असं त्यात लिहिलंय. घर माझ्या आणि दिरांच्या नावावर आहे. दीर म्हणतात, जमिनीचा भाव वधारेल, पाठिंब्याच्या पत्रावर सही करून मोकळी हो. त्या पत्रासोबत एका बिल्डरने चार मजली, झाडाझुडपांनी वेढलेल्या इमारतीचं चित्र पाठवलंय. आमच्या वरच्या मजल्यावर आठ वर्षांपासून भाडेकरू आहेत, नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं. त्यांना कुणीच काही विचारलेलं नाही. माझी मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहते. ती एवढंच म्हणाली, “आई, माझ्या पगारात त्या भागात मला कधी घर मिळेल का, ते बघ.” मी कुठे सही करू?

— दोन कागदांमध्ये अडकलेली

उत्तर

ताई,

दोन्हींवर करू नका. तुमचं म्हणणं तिसऱ्या कागदावर लिहायचं आहे आणि तो तुम्हालाच लिहावा लागणार आहे. माझा कल प्रस्तावाच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझं माप घेता येईल. पण आज जसा आहे तसा तो मंजूर होऊ नये असंही मला वाटतं, आणि त्याचं कारण काकांच्या पत्रकात नाही, तुम्ही जोडलेल्या नकाशात आहे.

आधी ते बिल्डरचं चित्र घडी घालून ठेवा. झोन बदलतो तेव्हा इमारत मंजूर होत नाही, मुभा मंजूर होते. आज चित्र दाखवणारा बिल्डर उद्या प्लॉट दुसऱ्याला विकून निघून जाऊ शकतो आणि येणारा माणूस चित्राला नाही, नियमाला बांधील असतो. म्हणून चार मजले आणि गुलमोहर विसरा. नियमाच्या आत राहून सगळ्यात हावऱ्या माणसाला काय उभं करता येईल ते बघा, आणि त्याच्याशेजारी राहायला जमेल का हे स्वतःला विचारा. जमत असेल तर प्रस्ताव ठीक. जमत नसेल तर नेमकी कुठली ओळ बदलली की जमेल, ते शोधायचं.

आकडेमोड फार अवघड नाही. तुमचा प्लॉट 15 बाय 20 मीटरचा आहे, म्हणजे 300 चौरस मीटर. एफएसआय अडीच म्हणजे एकूण 750 चौरस मीटर बांधकाम. प्रस्तावात चारही बाजूंनी तीन मीटर सामासिक अंतर, म्हणजे कुंपणापासून मोकळी जागा, सोडायला सांगितलंय. ते सोडलं की बांधायला 9 बाय 14 उरतात, 126 चौरस मीटर. त्याला सहाने गुणा, 756 येतात. म्हणजे तुमच्या मापाच्या प्लॉटवर एफएसआय पुरता वापरायचा तर सहाही मजले चढवावे लागतील. बिल्डरचं चार मजली चित्र या हिशेबात बसत नाही. चार मजल्यांत जेमतेम 504 चौरस मीटर होतात, आणि हातातला एक तृतीयांश हिस्सा कुणी हौसेने सोडत नाही.

आता दोन प्लॉट एकत्र करून बघा. 30 बाय 20. मधली दोन अंतरं गळून पडतात, मजल्याला 24 बाय 14, म्हणजे 336 चौरस मीटर मिळतात. परवानगी 1500 ची. साडेचार मजल्यांतच काम भागतं. तेवढीच घरं, पण इमारत बुटकी आणि पसरट. उंची आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हरकतींच्या नव्वद टक्के भांडणात त्या एकच समजल्या जातात. पॅरिस शहराच्या हद्दीत एका चौरस किलोमीटरला वीस हजारांच्या आसपास माणसं राहतात आणि तिथल्या बहुतेक निवासी इमारती सहा-सात मजल्यांच्या पुढे जात नाहीत. उलट मोठमोठ्या मोकळ्या जागांमध्ये विखुरलेल्या उंच टॉवरांच्या कित्येक वस्त्या त्याहून विरळ असतात. तेव्हा तुम्हाला नेमकं काय नको आहे, माणसं की सावली, हे आधी ठरवा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

सावलीचं गणित तर शाळेतलंच. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असतो तेव्हा सावली इमारतीच्या उंचीएवढी पडते. 30 अंशांवर ती पावणेदोनपट होते. सहा मजले आणि खाली पार्किंगचा एक, अशी साधारण 21 मीटरची इमारत धरली तर 21 मीटर आणि 36 मीटर. नोटिशीत ‘सहा मजले’ म्हटलंय, पण पार्किंगचा मजला त्या सहांत धरलाय की वेगळा, ते कुठेही स्पष्ट केलेलं नाही. ही पहिली लेखी विचारणा. मजल्यांऐवजी कमाल उंची मीटरमध्ये द्या, एवढं मागितलंत तरी पुढची पन्नास भांडणं वाचतील. दुसरी मागणी उत्तरेकडच्या अंतराची. दुपारची सावली तुमच्याकडे वर्षातले बहुतेक महिने उत्तरेला पडते. म्हणजे दक्षिणेकडच्या शेजाऱ्याने सहा मजले चढवले की त्याचा त्रास उत्तरेच्या घराला. वरचे दोन मजले उत्तरेच्या बाजूने मागे घ्यायला लावले तर घरं थोडीशीच कमी होतात आणि शेजाऱ्याच्या गच्चीत वाळवण घालण्याइतकं ऊन उरतं. जपानमध्ये अशा तिरप्या मर्यादा आणि सावलीचे तास मोजण्याचे नियम आहेत, आणि त्यांचं तिथं कुणाला नवल वाटत नाही.

मुळात झोनचे नियम जन्माला आले त्यामागेही ऊनच होतं, निदान अर्धं तरी. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची 38 मजली इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळ वर चढवली गेली आणि आसपासच्या रस्त्यांवर, इमारतींवर अंधार पडला. त्यातून पेटलेल्या चर्चेत 1916 चा तिथला झोनिंगचा कायदा आला. उरलेलं अर्धं कारण इतकं स्वच्छ नव्हतं. 1926 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या युक्लिड या गावाच्या बाजूने निकाल देऊन झोनिंगवर शिक्कामोर्तब केलं, आणि त्या निकालपत्रात बंगल्यांच्या भागात येणाऱ्या भाड्याच्या बहुमजली इमारतीला चक्क परजीवी म्हटलं. शंभर वर्षं होत आली. काकांच्या पत्रकातलं ‘कोण कुठली माणसं येतील’ हे त्याच वळणाचं वाक्य आहे. काका मनाने वाईट असतील असं मी म्हणत नाही. पण त्या वाक्याखाली तुमचं नाव जाऊ देऊ नका. एक तर ते तुमच्याच मुलीबद्दल आहे. स्थानकाजवळ दोन खोल्यांचं घर शोधणारी ती ‘कुठली माणसं’ म्हणजे तीच. आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी सुनावणीला बसलेला अधिकारी अशी ओळ वाचतो आणि अख्खं पत्रक बाजूला सारतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, मग पाण्याचा रास्त मुद्दाही त्याच्याबरोबर गेला.

रास्त आहे तो, पण अर्धा. 300 मीटरच्या प्लॉटवर 750 चौरस मीटर बांधले आणि जिने, लिफ्ट, भिंती यांत पाचवा हिस्सा गेला असं धरलं तर 600 उरतात. साठ-साठ मीटरची दहा घरं, घरटी चार माणसं, म्हणजे चाळीस. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी 135 लिटर हे भारतात वापरलं जाणारं माप लावलं तर त्या एका इमारतीला दिवसाला 5400 लिटर लागतात. तुमच्या साठांपैकी वीस प्लॉटांनी बांधलं तर एक लाख आठ हजार. आकडा मोठा दिसतो, पण काका एक गोष्ट विसरतायत. ही दोनशे कुटुंबं तुमच्याकडे आली नाहीत म्हणून तहानलेली राहायची थांबत नाहीत. ती शहराच्या कडेला जातील, तिथेही तेवढंच पाणी पितील आणि तिथवर नवी जलवाहिनी, नवी गटारं, नवे रस्ते न्यावे लागतील ते वेगळंच. त्यामुळे ‘पाणी नाही म्हणून घरं नकोत’ ही हरकत टिकत नाही. टिकते ती अशी: सध्याच्या जलवाहिनीचा व्यास किती, टाकीची क्षमता किती, सांडपाण्याची मुख्य वाहिनी आज कितपत भरून वाहते, आणि कितव्या इमारतीनंतर ती बदलावी लागेल? वाहिनी बदलण्याचं काम बांधकामाच्या परवान्यांशी जोडलेलं आहे का, की नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडं? हे प्रश्न विचारले की उत्तर द्यावंच लागतं, निदान ‘अभ्यास झालेला नाही’ हे तरी कागदावर येतं. आणि तेवढं कागदावर येणंही पुष्कळ असतं.

गाड्या आणि झाडं या दोन मुद्द्यांवर मात्र काकांचं पत्रक स्वतःशीच भांडतंय. एका ओळीत घरटी एका गाडीची जागा सक्तीची करा म्हणतात, दुसऱ्या ओळीत झाडं वाचवा म्हणतात. एक गाडी उभी करायला आणि वळवायला मिळून 25 ते 30 चौरस मीटर लागतात. दहा गाड्यांना 250 ते 300. तुमचा प्लॉट केवढा, 300. म्हणजे कुंपणापासून कुंपणापर्यंत फरशी, किंवा मग तळघर. तळघर खणलं की मुळं गेली आणि खर्च घरांच्या किमतीत चढला. स्थानक दहा मिनिटांवर असताना पार्किंगची सक्ती हाच माझ्या मते या प्रस्तावातला सगळ्यात मागासलेला भाग आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहराने 2017 साली आणि मिनियापोलिसने 2021 साली ही सक्ती शहरभर काढून टाकली. पार्किंग बांधायला तिथे कुणी मनाई केलेली नाही, ज्याला हवं तो बांधतो. ज्याला नको त्याने शेजाऱ्याच्या गाडीचे पैसे का भरावेत? तुमच्याकडे सक्ती पूर्ण उठणार नाही, पण निम्मी करा आणि त्या बदल्यात मागचं अंतर कच्च्या मातीचं, झाडांसाठी राखून ठेवा, अशी अदलाबदल मागता येते. रस्त्यावर फुकट लागणाऱ्या गाड्यांचा प्रश्न राहतोच. तो रस्त्याचं भाडं लावून सुटतो, दुसऱ्या कशानेही नाही. हे वाक्य वसाहतीच्या सभेत म्हणालात तर लोक अंगावर येतील, तेव्हा जपून.

आता नकाशा. तुम्ही तो जोडलात हे फार बरं केलंत. बदलाची रेघ तुमच्या वसाहतीभोवती काढली आहे. रस्त्याच्या पलीकडे, स्थानकापासून तेवढ्याच अंतरावर दुसरी वसाहत दिसते, मोठाल्या प्लॉटांची, हजार-हजार चौरस मीटरच्या. रस्ताही तिथला रुंद. सहा मजल्यांची इमारत सामावून घ्यायला ती तुमच्यापेक्षा सोयीची. तिच्यावर रेघ नाही. का नाही? कारण नोटिशीत दिलेलं नाही. मला तर्क करायचा नाही, पण दाटी नेहमी कमी आवाजाच्या मोहल्ल्यात ढकलली जाते हा जगभरचा अनुभव आहे.

यात न्यायाचा प्रश्न आहेच, शिवाय तुमच्या दिरांचा भाव आणि तुमच्या मुलीचं घर या दोन्हींचं उत्तरही याच रेघेत दडलंय. मुभा चार-दोन गल्ल्यांपुरती दिली की त्या गल्ल्यांमधली जमीन एकदम दुर्मीळ वस्तू होते. मालक भाव वाढवून बसतात, बिल्डरला तो परवडत नाही, किंवा परवडला तर तो घरांच्या किमतीत वसूल होतो. शिकागोमध्ये 2013 आणि 2015 साली स्थानकांजवळ जास्त बांधकामाची मुभा दिली गेली. त्याचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या काही वर्षांत जमिनींच्या किमती वाढल्या, बांधकामाचे परवाने मात्र वाढलेले दिसले नाहीत. याउलट न्यूझीलंडच्या ऑकलंडने 2016 साली शहराच्या निवासी जमिनीपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास भागावर एकदम मुभा वाढवली. तिथे वर्षाला दहा हजारांच्या घरात असलेले नव्या घरांचे परवाने 2022 पर्यंत वीस हजारांच्या पुढे गेले, आणि त्यातली मोठी वाढ जोडघरांची, एका प्लॉटवर तीन-चार घरांची. सगळ्याच जमिनीला मुभा असली की एका मालकाने अडून बसण्यात अर्थ उरत नाही, बिल्डर पुढच्या गल्लीत जातो. दोन शहरांत इतर फरक अनेक आहेत, व्याजाचे दर, लोकसंख्येची वाढ, सगळंच. पण रेघ रुंद काढावी हा धडा मला पक्का वाटतो.

म्हणून तुमच्या पत्रातला पहिला मुद्दा हाच असू द्या: बदल हवा, पण पलीकडची वसाहत धरून, स्थानकापासून ठरावीक अंतराच्या आतल्या सगळ्या प्लॉटांना एकच नियम. ज्या वस्तीला नको तिला बाहेर पडायची सोय द्यावी असं कुणीतरी सुचवेलच. ह्यूस्टनने 1998 साली शहराच्या मध्यभागात घरासाठी लागणारा किमान प्लॉट 5000 चौरस फुटांवरून 1400 वर आणला, तेव्हा एकेका गल्लीला अर्ज करून जुनं माप राखण्याची वाट ठेवली होती. त्यामुळे विरोधाची धार बोथट झाली आणि नियम टिकला, शहरात हजारो नवी घरं उभी राहिली. राजकारण म्हणून ती शहाणी तडजोड होती. पण अशी वाट तुमच्याकडे आलीच तर तिचा वापर पलीकडची वसाहत पहिली करेल, हे ध्यानात ठेवा.

दिरांशी बोलताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका, तेही लपवत नाहीयेत. भाव वाढेल का? बहुधा वाढेल. पण वाढलेला भाव विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि जमिनीच्या मूल्यावर कर असेल तर तो मात्र न विकताही वाढू शकतो. तुम्हाला तिथेच राहायचं असेल तर आधी करविभागात विचारून घ्या की आकारणी प्रत्यक्ष वापरावर होते की संभाव्य वापरावर. दुसरं, मुभा मिळाली म्हणून लगेच काही होत नाही. मिनियापोलिसने 2020 पासून एकेका बंगल्याच्या प्लॉटवर तीन घरांपर्यंत परवानगी दिली, तेव्हा आता सगळे बंगले पडणार अशी हाकाटी झाली होती. तीन घरांच्या इमारती तिथे फारच थोड्या झाल्या, कारण इमारतीचं आकारमान जवळपास पूर्वीचंच ठेवलं होतं आणि त्यात कुणाला फायदा दिसला नाही. नवी घरं आली ती मुख्यतः मोठ्या रस्त्यांलगतच्या इमारतींमध्ये. तुमच्याकडे आकारमान अडीचपट होतंय, म्हणजे वेग जास्त असेल, पण साठही प्लॉट एका वर्षात पडणार नाहीत. काही मालक विकणार नाहीत, काहींचे वाद कोर्टात असतील, काहींना वारसांच्या सह्या मिळणार नाहीत. दिरांना घाई आहे ती भावाची नसून बिल्डरची आहे, असा माझा अंदाज.

आणि मालकांना मिळणारी ही वाढ आली कुठून? तुम्ही किंवा दिरांनी काही कष्ट केलेले नाहीत. स्थानक सगळ्यांच्या पैशांतून झालं, मुभा सरकारने दिली. त्यातला काही वाटा परत मागणं मला योग्य वाटतं, दिरांना वाटणार नाही. ब्राझीलच्या साओ पाउलोने 2014 च्या आराखड्यात शहरभर मूळ एफएसआय एकच ठेवला. त्यावर बांधायचं तर पालिकेला मोबदला भरायचा, आणि सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गांलगत चारपर्यंत जाता येतं. सिअ‍ॅटलने 2019 मध्ये अनेक भागांत मुभा वाढवताना अट घातली की काही घरं परवडणाऱ्या भाड्याची द्या नाहीतर त्यासाठी निधीत पैसे भरा. तुमच्या प्रस्तावात असं काहीच नाही. अट घातली की घरं कमी बांधली जातात, हा त्यावरचा आक्षेपही खोटा नाही. बोजा फार झाला तर प्रकल्प उभाच राहत नाही. मोबदला माफक ठेवा आणि तो तुमच्याच भागातल्या जलवाहिन्या-गटारांवर खर्च करा, असं मी सुचवेन. पाण्याच्या हरकतीला तेवढं एक खरं उत्तर मिळेल.

मुलीच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, तुमच्या वसाहतीत उभं राहणारं नवं घर पहिल्या दिवशी तिच्या पगारात बसणार नाही. नवं घर महागच असतं. पण ते घेणारा माणूस कुठलं तरी जुनं घर रिकामं करून येतो, त्यात दुसरा जातो, त्याचं तिसरा घेतो. फिनलंडमधल्या हेलसिंकीत लोकसंख्येच्या नोंदवहीवरून संशोधकांनी ही साखळी घराघराने तपासली आणि शहराच्या मध्यभागी बांधलेल्या महागड्या घरांमुळे कमी उत्पन्नाच्या भागांतही घरं मोकळी होतात असं त्यांना आढळलं. म्हणजे फायदा होतो, पण वळणावळणाने आणि उशिरा. मुलीला ‘हो’ म्हणताना ‘इथेच’ किंवा ‘लवकर’ म्हणू नका.

राहता राहिले वरच्या मजल्यावरचे लोक, आणि तुमच्या पत्रात माझा जीव सगळ्यात जास्त तिथे अडकला. घरं वाढवायची म्हणून आज जी स्वस्त घरं आहेत तीच आधी पाडली जातात, कारण जुनी, दुमजली, भाड्याची घरंच पाडायला सोपी. दहा घरांची इमारत झाली तरी त्यातलं एकही या कुटुंबाच्या आवाक्यात नसेल. शहराचा एकूण हिशेब नफ्याचा आणि यांचा तोट्याचा, दोन्ही एकाच वेळी खरं. हे वाईट पत्रकाने थांबत नाही आणि चांगल्या हेतूनेही थांबत नाही, अटीने थांबतं: भाडेकरू राहत असलेली इमारत पाडायची तर आधी लेखी मुदत, बांधकामाच्या काळातलं भाडं आणि नव्या इमारतीत ठरलेल्या भाड्याने परत येण्याचा हक्क. ही अट आत्ता, प्रस्तावाच्या मसुद्यात आली तरच उपयोग. आणि एक भाग तर तुमच्याच हातात आहे. बिल्डरशी कधी करार करायची वेळ आलीच तर त्यांच्या पुनर्वसनाचं कलम तुम्ही मालक म्हणून घालू शकता, त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट बघायला नको. दिरांची तयारी असेल का, ते आजच कळेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या सुरातून जाणवतं: आपण स्वार्थी ठरू का, ही धास्ती. ठराल थोड्या. या भांडणात बिनस्वार्थी कुणीच नाही. काकांना ऊन आणि शांतता हवी, दिरांना भाव हवा, बिल्डरला नफा, मलाही शहर दाट असलेलं आवडतं. स्वार्थ पत्रात उघड लिहा. ‘मी सहमालक आहे, मला विकायचं नाही, माझ्या घरात भाडेकरू आहेत’ अशी सुरुवात केलीत की पुढचा प्रत्येक मुद्दा वाचणारा गंभीरपणे घेतो.

पत्र दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. बदलाला पाठिंबा, पण पलीकडची वसाहत धरून. उंची मीटरमध्ये. उत्तरेकडे वरचे मजले मागे. पार्किंगची सक्ती निम्मी, मागचं अंगण मातीचं. वाहिन्यांची क्षमता आधी जाहीर. भाडेकरूंना परतीचा हक्क. प्रत्येक मागणीसमोर प्रस्तावातला कलम क्रमांक आणि त्याऐवजी हवा असलेला नेमका मजकूर लिहा. तुमचं म्हणणं मान्य करण्याची इच्छा असलेल्या अधिकाऱ्यालाही वाक्य तयार मिळालं तरच तो ते उचलतो. सहमालक असलात तरी मत वेगळं देता येतं, दिरांच्या सहीसाठी थांबू नका. काकांना मसुदा दाखवा. ऊन आणि वाहिन्यांच्या मुद्द्यांवर तेही सही करतील, कदाचित बाकीचं खोडायला लावतील, तेव्हा त्यांना त्यांचं वेगळं पत्र लिहू द्या.

त्याआधी वर जाऊन भाडेकरूंना नोटीस वाचायला द्या. हरकत नोंदवायला सहसा मालक असावं लागत नाही, तिथे राहत असणं पुरतं. नोटिशीत शेवटची तारीख दिलेली आहे, त्याच्या चार दिवस आधी दोघांची पत्रं प्रत्यक्ष कार्यालयात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या. सुनावणीला नाव पुकारतात ते त्या क्रमांकावरून.